लोखंडाने सोने का व्हावे?
किमयेचे प्रतीक आणि आपला नवा जन्म

१

सोलापूर जिल्ह्यात कोणत्याही गावी चौदा एप्रिलच्या सभेला जावे. भाषणे होतात, गाणी होतात, शाळेतली मुले कविता म्हणतात. त्यांत एक प्रतिमा हमखास भेटते. बाबासाहेब परीस होते, आपण लोखंड होतो, त्यांचा स्पर्श झाला आणि आपल्या जन्माचे सोने झाले. टाळ्या पडतात. म्हाताऱ्या बायांचे डोळे भरून येतात. ज्या बाईने मेलेली ढोरे ओढणारा बाप पाहिला आणि पुढे शाळामास्तर झालेला मुलगाही पाहिला, तिच्या तोंडी ‘सोने झाले’ हे शब्द शोभतात. तिच्या कृतज्ञतेची चिकित्सा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु कवीचे तसे नाही. कवी प्रतिमा निवडतो. निवडलेली प्रतिमा आपल्याबरोबर स्वतःचा इतिहास घेऊन येते. पाहुणा म्हणून घरात घेतलेला शब्द हळूहळू घरमालक होतो आणि आपणच त्याच्या मर्जीने बोलू लागतो, हा आपला अनुभव आहे. ‘हरिजन’ या शब्दाच्या बाबतीत आपण तो घेतला आणि तो शब्द नाकारला. परिसाच्या प्रतिमेची मात्र आपण अशी झडती घेतलेली नाही. ती झडती घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

परीस ही एकटी प्रतिमा नाही. तिच्यामागे एक मोठी विद्या आणि एक मोठी चित्रसृष्टी उभी आहे. हलक्या धातूचे सोने करणे, म्हाताऱ्या देहाला तारुण्य देणे, मेलेल्याला पुन्हा जन्मास घालणे, या सगळ्याला मिळून किमया म्हणतात. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि मराठीत चमत्काराचा अर्थ घेऊन स्थिरावला. ‘नवा जन्म’ हा शब्द आपल्याही इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकविसावी प्रतिज्ञा नव्या जन्माची आहे. मग प्रश्न उभा राहतो. किमयेचा नवा जन्म आणि दीक्षेचा नवा जन्म एकच आहेत काय?

२

प्रथम किमयेचे प्रतीक काय सांगते ते पाहू.

युरोपात सोळाव्या शतकात ‘स्प्लेंडर सोलिस’ नावाचा जर्मन भाषेतला एक सचित्र ग्रंथ तयार झाला. त्याच्या हस्तलिखितांत बावीस चित्रे आहेत. १५८२ सालची एक देखणी प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या एका चित्रात म्हातारा राजा पाण्यात बुडतो आहे आणि पुढे तरुण राजा ताठ उभा आहे. दुसऱ्या एका चित्रात तापलेल्या पाण्यात एक माणूस बसलेला आहे, त्याच्या डोक्यावर पांढरा पक्षी आहे. शिजून म्हातारपण जावे आणि तारुण्य यावे, हा त्याचा अर्थ. आणखी एका चित्रात चिखलातून एक काळा माणूस वर येतो आहे. काठावर पंख असलेली, मुकुट घातलेली गोरी स्त्री त्याच्यासाठी वस्त्र घेऊन उभी आहे. किमयागारांच्या मते द्रव्य आधी काळे पडते, कुजते, मरते. मग ते पांढरे होते आणि शेवटी लाल किंवा सोनेरी होते. काळा रंग म्हणजे मरण, मळ, पाप. पांढरा म्हणजे शुद्धी. चिखलातल्या काळ्या माणसाने वर यावे, धुवून निघावे आणि काठावरच्या गोरीच्या हातून वस्त्र घ्यावे, असा हा पुनर्जन्म आहे. चित्र सुंदर आहे. परंतु काठावर कोण उभे आहे आणि चिखलात कोण आहे, हे एकदा पाहिले की आपल्याला त्या सौंदर्यात फार वेळ रमता येत नाही.

कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने १९४४ साली या चित्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. माणसाच्या मनातला अंधार आणि त्यातून होणारी त्याची घडण यांचे हे आलेख आहेत, असे त्याचे म्हणणे. एकट्या मनापुरते ते खरेही असेल. परंतु ज्या समाजात अंधार, मळ आणि काळेपणा यांना माणसांच्या जिवंत समूहांची नावे दिलेली असतात, तेथे हे प्रतीक केवळ मनाचे राहत नाही. ते वस्तीचे होते.

३

आता आपल्या घरची किमया पाहू. तिला रसशास्त्र म्हणतात. रस म्हणजे पारा. ‘रसार्णव’, ‘रसरत्नसमुच्चय’ हे तिचे ग्रंथ. पारा हे शिवाचे वीर्य आणि गंधक हे पार्वतीचे रज, अशी तिची पुराणकथा आहे. दोहोंच्या मिलनातून जे निपजेल ते धातूला सोने करील आणि देहाला अजरामर करील, अशी तिची श्रद्धा. आधी धातूवर प्रयोग करावा, तो साधला म्हणजे देहावर करावा, असा तिचा क्रम. पारा मूर्च्छित करायचा, मारायचा, बांधायचा. मूर्च्छित पारा रोग हरतो आणि मेलेला पारा माणसाला जगवतो, असे ते ग्रंथ सांगतात. मरणातून जीवन, हे प्रतीक येथेही आहे.

परंतु शब्दांकडे नीट लक्ष द्यावे. पाऱ्याला जन्मजात दोष असतात असे हे शास्त्र मानते. ते काढण्यासाठी त्याच्यावर अठरा ‘संस्कार’ करावे लागतात. संस्कार हाच शब्द द्विजाच्या मुंजीलाही आहे. हिऱ्यांचे चार वर्ण सांगितले आहेत. पांढरा हिरा ब्राह्मण, तांबडा क्षत्रिय, पिवळा वैश्य आणि काळा शूद्र. दगडालासुद्धा जात आहे. आणि ज्या सोन्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचे नाव काय? सुवर्ण. चांगला वर्ण. सोन्याचा कस ‘वर्ण’ या मापाने मोजला जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोळा वर्णांचे सोने उत्तम मानले आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, सोन्याच्या मिश्रणाची गणिते याच वर्णाने घातली आहेत.

ज्या भाषेत सोन्याचा कस आणि माणसाचा दर्जा यांना एकच शब्द आहे, त्या भाषेत ‘आमचे सोने झाले’ या वाक्याचा अर्थ काय होतो? आम्ही सुवर्ण झालो, म्हणजे जवळजवळ सवर्ण झालो, असा एक छुपा अर्थ त्याला चिकटतो. बोलणाऱ्याच्या मनात तो नसतो. परंतु प्रतिमेच्या पोटात तो असतो.

आपल्या परंपरेत सोन्यातून जन्म घेण्याचा विधीही होता. त्याचे नाव हिरण्यगर्भ. राष्ट्रकूट घराण्याच्या दंतिदुर्गाने आठव्या शतकात उज्जयिनीला तो केला. त्रावणकोरच्या राजांनी अठराव्या शतकापासून तो केला. राजाने सोन्याच्या पात्रात शिरायचे आणि क्षत्रिय म्हणून नव्याने जन्मून बाहेर यायचे. नंतर ते सोने ब्राह्मणांना वाटायचे. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांनाही राज्याभिषेकापूर्वी आधी मुंज करून द्विज व्हावे लागले, आणि तुलेचे सोने दान करावे लागले. तलवारीने राज्य मिळवलेल्या माणसाचा पहिला जन्म पुरेसा मानला गेला नाही. दुसरा जन्म देण्याचा मक्ता एकाच वर्गाकडे होता, आणि त्याचे मोल सोन्यात होते.

या सर्वांतून किमयेच्या प्रतीकाची तीन गृहीते हाती येतात. पहिले, धातूंची उतरंड कायम आहे, सोने वर आणि लोखंड खाली. दुसरे, बदल खालच्यात व्हायचा असतो आणि तो वरच्याच्या स्पर्शाने किंवा संस्काराने होतो. तिसरे, खालच्याने आपले आधीचे अस्तित्व टाकून द्यायचे असते. लोखंड मेले तरच सोने जन्मते.

४

आणखी एक गोष्ट या प्रतीकात दिसत नाही. ती म्हणजे भट्टी पेटवणारा माणूस. एका गजपुटाला हजारावर गोवऱ्या लागत. त्या कोणी थापल्या आणि कोणी वाहिल्या? भाता कातड्याचा असे. ते कातडे कोणी कमावले? मूस मातीची असे. ती माती कोणी मळली? मिर्चा एलियाद या धर्मेतिहासकाराने १९५६ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की किमयेची मुळे खाणकाम करणाऱ्या, धातू वितळवणाऱ्या आणि लोहारकाम करणाऱ्या माणसांच्या विधींत आहेत. म्हणजे द्रव्य बदलण्याची विद्या मुळात श्रमणाऱ्या हातांची. ग्रंथ झाला, तेव्हा हात पुसले गेले.

तारुण्य परत देणाऱ्यांची पुराणात काय गत आहे, तेही पाहण्याजोगे आहे. च्यवन ऋषीला अश्विनीकुमारांनी तरुण केले. पण ते वैद्य, माणसांत मिसळणारे, म्हणून देवांच्या पंगतीत त्यांना सोमाचा वाटा नव्हता. च्यवनाने आग्रह धरला तेव्हा कोठे तो मिळाला. मनुस्मृतीनेही वैद्याचे अन्न वर्ज्य ठरवले आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याला नवे आयुष्य मिळते, तोच पंगतीबाहेर.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, १९०२ आणि १९०९ साली. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते आणि या परंपरेचा त्यांना अभिमान होता. तरीही या विद्येचा ऱ्हास का झाला, याचे उत्तर देताना त्यांनी जातिव्यवस्थेकडे बोट दाखवले. हाताने काम करणाऱ्या जाती खाली ढकलल्या गेल्या, विचार करणाऱ्यांनी हाताचे काम सोडले, आणि प्रयोग संपला. १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये म्हटले, की जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. रायांचे निरीक्षण त्याला रसशाळेतून दुजोरा देते. या देशात पाऱ्याचे सोने झाले नाही, याचे दुःख नको. परंतु पाऱ्यावर प्रयोग करणारे हात आणि त्याचा विचार करणारे डोके एकमेकांपासून तोडले गेले, याचे दुःख अजून संपलेले नाही.

५

परिसाची प्रतिमा मराठीला संतांनी दिली. म्हणून संतांकडे गेले पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

पंढरपूरची परिसा भागवताची कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) आहे. परिसा भागवत हा रुक्मिणीचा ब्राह्मण भक्त. तिच्याकडून त्याला परीस मिळालेला. त्याच्या बायकोने तो नामदेवांच्या राजाईला, घरातले दारिद्र्य पाहून, थोड्या वेळेपुरता दिला. नामदेव शिंप्याने तो उचलून चंद्रभागेत टाकला. परिसा संतापून आला. नामदेवांनी नदीत हात घातला आणि ओंजळभर खडे काढून दिले. सगळेच परीस. परिसा खजील झाला आणि शिंप्याच्या पायाशी बसला. रोहिदासांची कथाही अशीच आहे. कोणा साधूने त्यांना परीस दिला. त्यांनी तो घेतला नाही. साधूने झोपडीच्या छपरात खोचून ठेवला. पुष्कळ दिवसांनी परत येऊन पाहतो, तर परीस तेथेच आणि रोहिदास जोडे शिवत बसलेले.

या दोन कथांना आपण आजवर वैराग्याच्या कथा म्हणून वाचले. मला त्या तशा वाटत नाहीत. नामदेवांच्या ओंजळीतले सगळेच खडे जर परीस असतील, तर परिसाला किंमत काय उरली? सोन्याची मक्तेदारीच तेथे बुडते. रोहिदास तर त्याहून पुढे जातात. हातातली आरी सोन्याची झाली, तर तिने चामडे टोचता येणार नाही, हे चर्मकाराला कोणी सांगावे लागत नाही. श्रम करणाऱ्याला लोखंडाची किंमत ठाऊक असते. परंपरेने परिसाला डोक्यावर घेतले. तिच्यातल्या कष्टकरी संतांनी त्याला एकदा नदीत टाकले आणि एकदा छपरात खोचू दिले.

परिसाची दुसरी उणीव समर्थ रामदासांनाही दिसली होती. ‘दासबोधा’तील सद्गुरुस्तवनात ते सांगतात, की परीस दुसऱ्याला आपल्यासारखे करीत नाही आणि सोन्याने लोखंड पालटत नाही. म्हणून सद्गुरूला परिसाची उपमा पुरत नाही. हा विचार महत्त्वाचा आहे. ज्याचे सोने झाले, तो पुढे कोणाचे काही करू शकत नाही. तो तिजोरीत जाऊन पडतो. आपल्यातल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आणि वस्तीकडे पाठ फिरवलेल्या माणसाचे याहून अचूक वर्णन कोणते असेल?

परंतु या परंपरेचे खरे मोजमाप चोखोबांपाशी होते. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि इतर महार मजुरांबरोबर तेही गाडले गेले. परंपरेने त्यांच्या मृत्यूचे साल १३३८ दिले आहे. नामदेव तेथे गेले. कोणती हाडे चोखोबांची, हे कसे ओळखावे? ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती चोखोबांची, अशी कथा आहे. ती हाडे पंढरपूरला आणून महाद्वारासमोर पुरली.

किमयेच्या भाषेत सांगायचे, तर येथे मरणातून रूपांतर पूर्ण झाले होते. हाडे बोलू लागली होती. याहून शुद्ध सोने कोणते? तरीही ते सोने दाराबाहेरच राहिले. देवळाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. १३३८ ते १९४७ म्हणजे सहाशे नऊ वर्षे. रूपांतर ज्याचे व्हायचे त्याचे झाले. दार बदलायला सहा शतके लागली, आणि तेही भक्तीने नव्हे, चळवळीने व दबावाने बदलले.

बाबासाहेबांना हे नीट ठाऊक होते. त्यांच्या मनात संतांविषयी अनादर नव्हता. अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला १९४८ सालचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. परंतु गांधीजींना उत्तर देताना त्यांनी स्पष्ट केले, की संतांनी देवापुढे सगळे समान आहेत असे सांगितले, माणसे माणसांत समान आहेत यासाठी ते लढले नाहीत. एखादा संत जात मोडू शकतो, सामान्याने मोडू नये, अशीच समजूत त्यामुळे दृढ झाली. परीस एखाद्या लोखंडाला सोने करतो. त्याने लोखंडाची जात मोडत नाही, उलट सिद्ध होते. अपवाद नियमाला पोसतो.

६

येथे सोलापूरच्या मातीतली आणखी एक कथा आठवते. बाराव्या शतकात शरणांच्या चळवळीतला अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे आजच्या सोलापूरला आला. सिद्धराम तेव्हा तळे खोदणाऱ्यांत उभा होता. अल्लमाने त्याला वड्डर म्हणून पुकारले, अशी आख्यायिका कन्नड ग्रंथांत आहे. तळी आणि देवळे बांधून पुण्य साठवणाऱ्या सिद्धरामाला त्याने आतल्या शोधाकडे वळवले. याच अल्लमाची गोरक्षाशी भेट झाल्याची कथा चामरसाच्या ‘प्रभुलिंगलीले’त, म्हणजे पंधराव्या शतकातल्या काव्यात येते. गोरक्षाने रसविद्येने आणि योगाने आपला देह वज्राचा केलेला होता. त्याच्यावर तलवार चालवली, तर खणखण आवाज झाला आणि तलवार परतली. मग गोरक्षाने अल्लमावर तलवार चालवली. ती हवेतून जावी तशी आरपार गेली. न रक्त, न आवाज. तेथे कापण्यासारखे काही नव्हतेच.

किमयेवरची इतकी मार्मिक टीका मला दुसरीकडे आढळली नाही. वज्रदेह मिळवलेला माणूस आणखी कठीण होतो, स्वतःला आणखी घट्ट धरून बसतो. अल्लम ‘मी’चे गाठोडेच सोडतो. शरण परंपरेत शून्य हा मोठा शब्द आहे. बौद्ध परंपरेतही तो मोठा आहे आणि तेथे तो नागार्जुनाच्या नावाशी जोडलेला आहे. गंमत अशी, की पुढे रसविद्येचे ग्रंथही नागार्जुनाच्याच नावावर खपले. दुसऱ्या शतकातला शून्यतेचा आचार्य आणि कित्येक शतकांनंतरचा पाऱ्याचा सिद्ध हे एक नव्हेत. परंतु दंतकथेने त्यांना एक केले. ज्याने वस्तूंना स्वतःचा असा कायमचा स्वभाव नसतो असे सांगितले, त्याच्या हाती लोकांनी सोने करण्याची कुपी दिली. विचाराची किमया कशी होते, ते यावरून दिसते. आज बाबासाहेबांचा परीस करताना आपणही तेच करीत नाही काय?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पुनर्जन्माचा प्रश्न टाळला नाही. आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा? त्यांचे उत्तर असे, की देह पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा आहे. मरणानंतर ते घटक आपापल्या मोठ्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येऊन नवे जीवन घडते. एकच जीव मागच्या जन्मीचे पाप घेऊन महाराच्या घरी येतो, या समजुतीचा पायाच तेथे उखडला जातो. किमयागारही घटक विरघळवतो आणि जोडतो. पण त्याच्या घटकांत काही हलके आणि काही भारी असतात. बाबासाहेबांच्या मांडणीत मातीला, पाण्याला, विस्तवाला, वाऱ्याला वर्ण नाही.

आणि दीक्षेतला नवा जन्म तर मरणोत्तरही नाही. तो त्याच दिवशी, त्याच देहात, शुद्धीवर असलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने जाहीर केलेला आहे. किमयेत जुने द्रव्य मरावे लागते. दीक्षेत माणूस मेला नाही. एकोणिसाव्या प्रतिज्ञेत तो माणसामाणसांत उच्चनीच मानणारा धर्म टाकतो आणि मग एकविसाव्यात नवा जन्म सांगतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. मेली ती कसोटी, लोखंड नव्हे. लोखंड होते तेथेच उभे राहिले आणि म्हणाले, तुमचा तराजू मला मान्य नाही.

७

दलित साहित्याने या तराजूशी काय केले, हे पाहिल्यावाचून ही चर्चा पुरी होणार नाही.

हन्नूर हे अक्कलकोट तालुक्यातले, आपल्याच जिल्ह्यातले गाव. तेथल्या शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. हे शीर्षक सोनाराच्या दुकानातले आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. बारा मासे पुरे ते खरे, अकरा मासे ते उणे. गावाने हे माप उचलून बाईच्या पोटाला लावले. पाटलाकडून महाराच्या बाईला झालेले पोर एक मासा कमी, म्हणून अक्करमाशी. मूल जन्माला येताच त्याचा कस लावणारी ही भाषा आहे. २००३ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा त्याचे नाव ‘द आउटकास्ट’ असे झाले. बहिष्कृत, हा अर्थ त्यात आला. पण तराजू गेला. आणि सगळी वेदना त्या तराजूत आहे.

लिंबाळ्यांनी काय केले? आपण बारा माशांचे आहोत असे सिद्ध करीत ते बसले नाहीत. कोणा परिसाकडे उरलेला एक मासाही त्यांनी मागितला नाही. शिवी होती तीच पुस्तकाच्या कपाळावर लावली आणि वाचणाऱ्याला विचारले, वजन करणारे तुम्ही कोण? पुढे १९९६ साली त्यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्याचाही गाभा हाच आहे, की आमच्या लेखनाला जुनी मापे लावू नका.

त्याआधीच्या कवितासंग्रहांची नावे एका ओळीत मांडून पाहा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२), दया पवारांचा ‘कोंडवाडा’ (१९७४), केशव मेश्रामांचे ‘उत्खनन’ आणि यशवंत मनोहरांची ‘उत्थानगुंफा’ (दोन्ही १९७७). खाली गाडलेले, कोंडलेले, उकरून काढलेले, उठून उभे राहिलेले. पुनर्जन्माचा सगळा प्रवास या चार शब्दांत आहे. पण सोने कोठेही नाही. परीस नाही. काठावर वस्त्र घेऊन उभी असलेली गोरी राणी नाही. गोलपिठ्याने तर चिखलातून वर यायचेच नाकारले. चिखलच वर आणून पांढरपेशा मराठीच्या दिवाणखान्यात ठेवला.

समीक्षेने मात्र जुनी भट्टी सोडली नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा कौतुक करणाऱ्यांनी काय म्हटले? हे जीवन आगीतून तावून सुलाखून निघालेले सोने आहे. हे कौतुक फार घातक आहे. त्याचा अर्थ असा होतो, की ती आग उपकारक होती. जुलूम ही शुद्धीची भट्टी आणि उपास हा संस्कार. मग भट्टी पेटवणाऱ्याला जाब विचारायचे कारणच उरत नाही, उलट त्याचे आभार मानावे लागतात. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, की भुकेने कोणी शुद्ध होत नाही. भुकेने पोरे मरतात. जे वाचले ते भट्टीमुळे नव्हे, भट्टीला न जुमानता वाचले.

८

येथे एक आक्षेप येईल. सामान्य माणसाला प्रतिमा लागते आणि परीस त्याच्या ओळखीचा आहे. गावोगावच्या शाहिरांनी परिसाची गाणी गायली म्हणूनच बाबासाहेब वस्तीवस्तीत पोचले, हे विसरता काय?

मी विसरत नाही. शाहिराच्या तोंडी परीस येतो, तेव्हा त्यात स्पर्श या शब्दाला विशेष धार असते. ज्यांचा स्पर्श विटाळ मानला, त्यांनीच स्पर्शाने सोने होते असे गावे, यात एक सूड आहे आणि तो न्याय्य आहे. पण ही धार पहिल्या पिढीची आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या तोंडी ती उरत नाही. तेथे उरते ते केवळ सोने. मग लग्नातले सोने, बंगल्याचे नाव, गाडीची काच आणि ‘आमचे सोने झाले’ हे समाधान. परीस आपले काम करून गेला, आता आपल्याला काही करायचे नाही, ही वृत्ती या प्रतिमेतून सहज निपजते. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. या तीन क्रियापदांतले एकही लोखंडाला लागू पडत नाही. लोखंड पडून राहते आणि त्याला कोणी तरी शिवते. आपण शिकलो, जमलो, झगडलो. मग स्वतःला निर्जीव का म्हणवून घ्यायचे?

विज्ञानाने ही किमयाही करून दाखवली आहे. १९८० साली अमेरिकेतल्या बर्कले येथे ग्लेन सीबॉर्ग यांच्या चमूने बिस्मथचे अणू बदलून सोने केले. ते डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे होते आणि त्याचा खर्च सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट होता. परीस सापडला तो असा, काही उपयोगाचा नसलेला. हजारो वर्षे जे स्वप्न पाहिले, ते मुळातच चुकीच्या गोष्टीचे स्वप्न होते.

लोखंडाने जगाचा नांगर केला, विळा केला, कुऱ्हाड केली, गिरणीचा साचा केला. या शहराचे पोट कित्येक दशके त्या साच्यांनी भरले. सोन्याने दागिने केले. आपल्या नव्या कवींना माझे एवढेच सांगणे आहे, की चौदा एप्रिलची कविता लिहायला बसाल तेव्हा परीस शब्द आला, तर लेखणी जरा थांबवा. आजीचा परीस आजीपाशी राहू द्या, तो तिने मिळवलेला आहे. तुम्ही मात्र स्वतःला विचारा, की मला सोने व्हायचे आहे की तराजू मोडायचा आहे. एकविसाव्या प्रतिज्ञेने जो जन्म दिला, तो माणसाचा आहे. त्याला कोणत्याही धातूचे नाव देण्याची गरज नाही.